बदलता येणारं आणि न येणारं

भाचीने फोन माझ्यापुढे धरला. दोन लॅपटॉप शेजारीशेजारी. एक पातळ, धातूचा, उचलून लगेच बॅगेत टाकावा असा. दुसरा जाड, काळा, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या मागच्या जाळ्या अजिबात न लपवणारा. दोघांतही ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, रॅम सारखी, प्रोसेसरमध्ये एकोणीस-वीसचा फरक. "मावशी, आत तेच आहे तर पातळच घेऊ ना?" मी म्हटलं, दोन्ही कार्डांना किती वॅट मिळतात ते आधी शोध. जाड लॅपटॉपच्या माहितीत तो आकडा ठळक दिलेला होता. पातळ लॅपटॉपच्या पानावर तो बराच खाली, बारीक अक्षरातल्या तळटिपेत सापडला, आणि जवळजवळ निम्मा निघाला. तिला मुद्दा कळला. मग तिने सहज विचारलं, "बरं, आत्ता परवडेल ते घेते आणि तीन-चार वर्षांनी कार्ड तेवढं बदलते. तसं चालेल ना?"

"नाही गं. असल्या लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही. मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं ते."

"म्हणजे कधीच नाही?"

कधीच नाही.

त्यावर ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. पहिल्या नोकरीच्या पगारातून जपून बाजूला टाकलेल्या पैशांची खरेदी होती ती. एवढी मोठी वस्तू घ्यायची आणि तिची झेप पहिल्याच दिवशी ठरून जायची, हे तिला खुपलं. तिला खुपलं म्हणून मलाही नव्याने खुपायला लागलं. इतकी वर्षं ही यंत्रं वापरून, उघडून, पुसून मी ते निमूट मान्य करायला शिकले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझ्या डोक्यात तेच चालू होतं: यातलं नेमकं काय बदलता येतं, काय येत नाही, आणि जे बदलता येत नाही ते निवडायचं तरी कसं?

माझी कॉम्प्युटरशी ओळख झाली तीच मुळी उघड्या कॅबिनेटशी. दादा बाजूचं पत्र्याचं झाकण काढून जमिनीवर ठेवायचा. आतून तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा एक विशिष्ट वास यायचा. तो आजही कुठे आला तर मी क्षणभर थांबते. दादा जुनं ग्राफिक्स कार्ड दोन्ही हातांनी कडांना धरून वर ओढायचा, नवं त्याच खाचेत दाबायचा, आणि खटका बसल्याचा आवाज आला की माझ्याकडे बघून हसायचा. एका वर्षी रॅम वाढली, एका वर्षी कार्ड बदललं, कधी पॉवर सप्लाय. शेवटी शेवटी त्या डब्यातला पत्रा तेवढा जुना उरला असेल, तरी आम्ही त्याला 'आपला कॉम्प्युटर'च म्हणायचो. कॉम्प्युटर कधी पूर्ण होत नाही, तो होत राहतो, ही माझी समजूत तिथे घडली. लॅपटॉपच्या जगात आले तेव्हा ती समजूत सोबत होती. म्हणून पहिल्या गेमिंग लॅपटॉपचं मागचं कव्हर उघडलं तेव्हा माझे डोळे आत कार्ड शोधत होते.

कार्ड नव्हतंच. काळ्या मदरबोर्डवर दोन चिपा, एक प्रोसेसरची आणि एक ग्राफिक्सची, त्यांच्यावरून गेलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या, दोन टोकांना दोन पंखे, आणि ग्राफिक्सच्या चिपेभोवती चिकटून बसलेल्या तिच्या मेमरीच्या काळ्या चकत्या. सगळं एकाच बोर्डावर, कायमचं. खाच नाही, खटका नाही. एवढं देखणं, दाटीवाटीने तरी सुबक रचलेलं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कौतुक वाटलं आणि त्याच वेळी थोडं परकंही वाटलं. ती दुहेरी भावना अजून गेलेली नाही.

वॅटच्या आकड्याबद्दल मला पोटतिडकीने बोलावंसं वाटतं, कारण लोक नाव पाहून पैसे मोजतात. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०७० पस्तीस वॅटपासून एकशे पंधरा वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असू शकतं. वर प्रोसेसर निवांत असताना आणखी पंचवीसेक वॅट उसने घेण्याची सोय निराळी. नाव तेच, चिप तीच, आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक. पूर्वी ही कार्डं बनवणारी एनव्हिडिया कमी वॅटच्या कार्डांवर 'मॅक्स-क्यू' अशी पाटी लावायची. ती २०१७ मध्ये आली आणि २०२१ मध्ये, ३० मालिकेच्या वेळी, कार्डाच्या नावावरून गेली. तेव्हापासून गिऱ्हाइकाने स्वतः आकडा शोधायचा. डेस्कटॉपशी तुलना केली तर दरी आणखी रुंद दिसते. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० म्हणजे १६,३८४ कोअर (एकाच वेळी गणितं करणारी छोटी एककं), २४ जीबी मेमरी आणि साडेचारशे वॅटची भूक. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०९० म्हणजे ९,७२८ कोअर, १६ जीबी आणि फार तर पावणेदोनशे वॅट. चिपच वेगळी आहे, धाकटी. २०२५ च्या ५० मालिकेतही तेच: डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कोअर आणि ३२ जीबी, लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा राग आला होता, आणि नाव सारखं ठेवण्याबद्दलचा राग अजून आहे. पण तंत्राबद्दलचा राग मात्र ओसरला. साडेचारशे वॅट म्हणजे साडेचारशे वॅट उष्णता. दोन बोटं जाडीच्या, मांडीवर ठेवता येईल अशा वस्तूतून तेवढी उष्णता बाहेर काढणारा पंखा कुणी बनवलेला नाही. शिवाय चिपेची वेगाची आणि विजेची गणितं सरळ रेषेत चालत नाहीत. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटचे दहा टक्के वेग सगळ्यात जास्त वीज खातात आणि सगळ्यात जास्त तापतात. याचीच दुसरी बाजू सुखाची: विजेला आवर घातला तर वेग त्या मानाने कमी घटतो. साडेचारशेच्या जागी दीडशे वॅट मिळालेली चिप एक तृतीयांश वेगाने चालत नाही, त्याहून बरीच पुढे जाते. लॅपटॉपवर मोठे खेळ चालतात ते याच कृपेने.

या सगळ्याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावला आहे की लॅपटॉप निवडताना आधी देह निवडावा, मग नाव. पंखे किती मोठे, नळ्या किती की त्यांच्या जागी व्हेपर चेंबर, म्हणजे उष्णता पसरवणारी सपाट पोकळ पेटी, हवा आत घ्यायला खाली जागा किती, जाळ्या किती बाजूंना, बरोबर येणारा अडॅप्टर किती वॅटचा. अडॅप्टरचा आकडा खोटं बोलत नाही. ३३० वॅटचं ते जड वीटकर सोबत दिलं असेल तर आतल्या चिपांना खरोखर पोटभर मिळणार आहे. यूएसबी-सीवरून २४० वॅटपर्यंत वीज देण्याचं मानक २०२१ मध्ये आलं, पण वरच्या श्रेणीतल्या यंत्रांना पूर्ण ताकदीने खेळताना अजूनही तो वेगळा, भारी अडॅप्टरच लागतो. बॅटरीवर खेळण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. विमानात सहज नेता यावी म्हणून बॅटरी शंभर वॅट-तासांच्या आत ठेवतात, आणि शंभर वॅट-तासांत पावणेदोनशे वॅटची चिप किती वेळ चालेल हे कुणीही तोंडी सांगेल.

उष्णतेशी माझं नातं स्पर्शाचं आहे. खेळ रंगला की डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांखालून हळूहळू ऊब यायला लागते. चांगल्या यंत्रात ती तिथेच थांबते, कारण बनवणाऱ्याने डाव्या पंख्याची थोडी हवा कीबोर्डखालून खेळवलेली असते. वाईट यंत्रात कीबोर्डच्या वरची पट्टी हात लावता येणार नाही इतकी पोळते. पंख्यांचा आवाजही मी ओळखते. एकसारखा घोंघावणारा आवाज मला त्रास देत नाही, उलट त्याच्या लयीत मन खेळात बुडतं. त्रास होतो तो चढ-उताराचा: दहा सेकंद शांत, मग एकदम किंचाळणं, मग पुन्हा शांत. असं यंत्र आपल्याच शरीराशी भांडत असतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो, स्वतःचा वेग कापतो, थोडा थंडावतो, पुन्हा उसळतो. पडद्यावर ते बारीक हिसक्यांच्या रूपात दिसतं, आणि सरासरी एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा, आकडा कितीही मोठा असला तरी डोळ्यांना हिसकाच लक्षात राहतो.

प्रोसेसरच्या निवडीत हीच गोष्ट उलटी करून पाहावी लागते. वरच्या श्रेणीत 'एचएक्स' नावाचे प्रोसेसर असतात. मुळात डेस्कटॉपसाठी आखलेली चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली. कोअर आय९-१४९००एचएक्स मध्ये २४ कोअर आहेत आणि थोड्या वेळासाठी तो १५७ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. वाचायला भव्य वाटतं. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. एका विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसं ते चालतं. प्रोसेसरने भसाभसा उपसलं की ग्राफिक्सच्या वाट्याला कमी येतं, आणि खेळात खरा भार बहुतेकदा ग्राफिक्सवर असतो. म्हणून मी खेळताना प्रोसेसरची कमाल वीज मर्यादित करून ठेवते. पंखे शांत होतात, कीबोर्ड निवतो, आणि एफपीएसमध्ये फरक पडलाच तर तो शोधावा लागतो. एएमडीने २०२३ मध्ये वेगळी वाट काढली. रायझेन ९ ७९४५एचएक्स३डी मध्ये चिपेवर कॅशचा आणखी एक थर रचून एल३ कॅश १२८ एमबीपर्यंत नेली. खेळाला लागणारी माहिती प्रोसेसरच्या उशाशीच राहते, रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात, आणि वीज न वाढवता काम पुढे सरकतं. घाम न गाळता वेग मिळवण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते.

ग्राफिक्सच्या मेमरीबद्दल मात्र मी हट्टी आहे. भाचीला मी सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीवर बसवून ठेवलं. चिप थोडी मंद असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये सावल्या कमी करता येतात, रेझोल्यूशन उतरवता येतं, डीएलएसएससारखी तंत्रं लहान चित्र मोठं करून देतात. पण ग्राफिक्सची मेमरी भरून गेली की यंत्र हतबल होतं. जे मावत नाही ते साध्या रॅममध्ये जातं, तिथून ये-जा सुरू होते, आणि भिंतींवरचे पोत मातीच्या लगद्यासारखे धूसर दिसायला लागतात किंवा वळणावर खेळ थबकतो. २०२० मध्ये नवे गेमिंग कन्सोल सामाईक १६ जीबी मेमरी घेऊन आले आणि खेळ बनवणाऱ्यांनी साहजिकच ती वापरायला सुरुवात केली. त्यानंतरच्या मोठ्या खेळांना ८ जीबी कशी कमी पडते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही २०२५ मध्ये बाजारात आलेल्या लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०७० ला ८ जीबीच दिली गेली. ५०७० टीआयला १२, ५०८० ला १६. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून मी तिला म्हटलं, या एकाच गोष्टीसाठी थांब, आणखी काही महिने साठव, पण १२ च्या खाली उतरू नकोस. कारण ही मेमरी चिपेभोवती डकवलेली असते आणि ती पुढे वाढवण्याचा कुठलाही मार्ग नाही.

रॅमचं तसं नाही. निदान अजून सगळीकडे तसं नाही. मागचं कव्हर उघडलं की मधोमध दोन खाचा दिसतात, कधी वर पातळ पत्र्याचं झाकण असतं. रॅमची पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज येतो. लॅपटॉपमध्ये दादाच्या खटक्याच्या जवळ जाणारा आवाज फक्त हाच. अनेक चांगले लॅपटॉप एकाच पट्टीवर विकले जातात, म्हणजे मेमरीचे अर्धे रस्ते बंदच. दुसऱ्या खाचेत जोडीची पट्टी बसली की प्रोसेसर दोन्ही वाटांनी माहिती उचलतो. सरासरीपेक्षाही सगळ्यात खालचे एफपीएस, म्हणजे ते हिसके, त्याने सुधारतात. एवढ्या कमी कष्टांत एवढा फरक पाडणारा दुसरा बदल मला माहीत नाही. पट्ट्या मात्र सारख्याच क्षमतेच्या आणि वेगाच्या घ्याव्यात. वेगवेगळ्या घातल्या तर दोघी मंद पट्टीच्या चालीने चालतात.

जिथे या खाचाच नाहीत तिथे काय म्हणायचं? पातळ यंत्रांत एलपीडीडीआर जातीची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. यामागे नुसतं गिऱ्हाइकाला बांधून ठेवणं आहे असं मला वाटत नाही. मेमरीचा वेग जसजसा वाढतो तसतसं तिचं प्रोसेसरपासूनचं अंतर आणि मधल्या खाचेची प्रत्येक जोडणी संकेत बिघडवते. जवळ आणि कायमची बसवलेली मेमरी कमी विजेत जास्त वेगाने धावते, हे खरंच आहे. पण म्हणून प्रश्न तिथेच मिटला असंही नाही. डेलने २०२२ मध्ये मेमरी आडवी, सपाट बसवण्याची एक रचना आणली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने तिचं 'कॅम२' नावाने मानक केलं. पट्टी खाचेत खुपसण्याऐवजी बोर्डावर टेकवून स्क्रूने आवळायची. वेगही राहतो, बदलण्याची मुभाही राहते. ती बातमी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र जमू शकतात, हे कुणीतरी मनावर घेतलं तर.

साठवणुकीबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथे घाई करायचं कारण नसतं. एसएसडी बसवायच्या दोन एम.२ जागा आहेत ना, एवढंच खरेदीच्या वेळी पाहावं. पाचव्या पिढीची एसएसडी सेकंदाला चौदा हजार एमबीच्या आसपास वाचते आणि चौथ्या पिढीची सात हजार, पण खेळ उघडताना हा दुपटीचा फरक हाताला लागत नाही. पाचव्या पिढीची ड्राइव्ह तापते मात्र भरपूर, आणि लॅपटॉपच्या पोटात ती उष्णता नेमकी नको त्या जागी येते. त्यापेक्षा त्याच पैशांत दुप्पट क्षमतेची चौथ्या पिढीची घ्यावी. ड्राइव्हच्या दोन्ही अंगांना चिपा असतील तर काही अरुंद जागांत ती नीट बसत नाही, हेही बघून ठेवावं. आणि जुनी ड्राइव्ह हलवण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला विंडोजने लावलेल्या कुलपाची, किल्ली कागदावर लिहून घ्यावी. हे सांगितल्याशिवाय मी कुणालाही स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ देत नाही.

पडदा हा माझ्या दृष्टीने ग्राफिक्सइतकाच कायमचा निर्णय आहे. तांत्रिकदृष्ट्या बदलता येतो, पण बदलतं कोण? आणि दिवसाचे सगळे तास आपण त्याच्याकडेच बघत असतो. २५६० गुणिले १६०० चा पडदा म्हणजे जवळजवळ ४१ लाख ठिपके. ३८४० गुणिले २४०० चा म्हणजे ९२ लाख. प्रत्येक फ्रेमला दुपटीहून जास्त ठिपके रंगवायचे, तेही मर्यादित वॅटच्या चिपेने, आणि सोळा इंचांवर तो बारकावा डोळ्यांना जेमतेम जाणवतो. वेगाचा फरक मात्र मला हातात जाणवतो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम दाखवताना, एक फ्रेम साडेसोळा मिलिसेकंदांहून जरा जास्त टिकते, २४० हर्ट्झला सव्वाचार मिलिसेकंदांच्या आत संपते. माऊस वळवला की जग त्याच क्षणी वळतं. म्हणून मी मधल्या रेझोल्यूशनचा, जास्त हर्ट्झचा पडदा सुचवते. शिवाय त्या यंत्रात मक्स स्विच आहे का तेही विचारावं. तो नसेल तर मोठ्या कार्डाने काढलेलं प्रत्येक चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सच्या दारातून पडद्याकडे जातं, आणि त्या वळशात थोडा वेग व थोडा वेळ दोन्ही जातात. ओएलईडी आणि मिनी-एलईडी यांत माझं मन अजून झुलतं. ओएलईडीचा काळा रंग खरा काळा असतो, रात्रीच्या जंगलात शिरताना अंगावर काटा येतो. पण तासन्‌तास एकाच जागी उमटणाऱ्या खेळाच्या नकाशाचा आणि खालच्या पट्टीचा डाग पडायची धास्ती असते, आणि काही पडद्यांची सूक्ष्म लुकलुक माझ्या डोळ्यांना शिणवते. मिनी-एलईडी भर उजेडातही झगझगीत दिसतो, फक्त काळ्या आकाशातल्या ताऱ्यांभोवती पुसटसं वलय उमटतं.

बदल म्हणजे नवीन भाग घालणंच असतं असं नाही, हे मला यंत्रं जुनी होत गेली तसं कळत गेलं. चिप आणि तांबं यांच्या मधली थर्मल पेस्ट तापणं-निवणं सोसत सोसत कडांकडे सरकते, मध्ये कोरडी पडते. पंख्यांच्या पलीकडच्या बारीक पात्यांत धुळीची नमद्यासारखी गादी बसते. यंत्र 'जुनं झालं' असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते एवढंच झालेलं असतं. हनीवेलच्या पीटीएम७९५० नावाच्या पॅडने माझं काम फार सोपं केलं. तो साधारण पंचेचाळीस अंशांना मऊ होऊन चिपेवरच्या सगळ्या सूक्ष्म खळग्यांत भरतो आणि पेस्टसारखा बाहेर ढकलला जात नाही. द्रव धातू त्याहून चांगली उष्णता वाहतो, पण त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम पोखरतं आणि एक थेंब बोर्डावर घरंगळला तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. ज्या यंत्रात तो कारखान्यातूनच भरलेला येतो, तिथे मी ते झाकण उचलत नाही. बाकी ठिकाणी आधी बॅटरीची जोडणी काढायची, वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू कागदावर त्यांच्या जागांप्रमाणे मांडायचे, कव्हरच्या कडेने प्लास्टिकचं पातळ कार्ड फिरवत एकेक क्लिप सोडवायची. त्या तासाभरात मला जे समाधान मिळतं ते नवीन यंत्राचं खोकं उघडताना मिळत नाही.

भाचीने शेवटी तो जाड लॅपटॉपही घेतला नाही आणि पातळही नाही. महिने मोजत थांबली, आणि १२ जीबीच्या कार्डाचा, दोन रॅम खाचांचा, एका पट्टीचा आणि लहान एसएसडीचा घेतला. न बदलणाऱ्या गोष्टींवर तिने सगळे पैसे लावले आणि बदलणाऱ्या गोष्टी जाणूनबुजून कमी घेतल्या. या यादीत माझी भर एकच होती, एम.२ ची दुसरी जागा. बाकी सगळं तिनेच जुळवलं.

लॅपटॉपचं ग्राफिक्स बदलता यायचं असाही एक काळ होता, हे तिला खरं वाटेना. एमएक्सएम नावाचे मोड्युल असायचे, हाताच्या पंजाएवढे, कनेक्टरमध्ये खुपसून स्क्रूने बसवायचे. पण प्रत्येक यंत्राचे उष्णतेचे सांगाडे वेगळे, यंत्र सुरू करणाऱ्या बायोसची मान्यता वेगळी, स्क्रूंच्या जागासुद्धा जुळतीलच असं नाही. मग यंत्रं पातळ होत गेली आणि मोड्युलची जाडी कुणालाच परवडेना. बाहेरून केबलने कार्ड जोडायची सोय आज आहे. थंडरबोल्ट ४ वरून सेकंदाला ४० गिगाबिट, ऑक्युलिंकवरून ६४, थंडरबोल्ट ५ वरून ८०. टेबलावर ठेवून खेळायचं असेल तर ती वाट खरंच चांगली आहे, पण तेव्हा आपण लॅपटॉप राहू देऊन अर्धा डेस्कटॉप मांडलेला असतो. मला जास्त ओढ वाटते ती फ्रेमवर्क कंपनीच्या सोळा इंची लॅपटॉपची. त्याच्या मागच्या बाजूला ग्राफिक्सचा अख्खा मोड्युल, त्याच्या स्वतःच्या पंख्यांसकट, सरकवून बसवता येतो. २०२३ मध्ये त्यांनी तो जाहीर केला तेव्हा एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, आणि २०२५ मध्ये त्याच जुन्या यंत्रातही बसेल असं आरटीएक्स ५०७० चं मोड्युल आलं. उष्णतेचा सांगाडा चिपेबरोबरच बदलायचा, ही कल्पना एमएक्सएमच्या दुखण्यावरचं नेमकं औषध आहे. एक पिढी उलटून दुसरं मोड्युल खरोखर आलं, याचं मला फार मोल वाटतं. आश्वासनं पुष्कळ जण देतात.

पण त्या मोड्युलवरही मेमरी ८ जीबीच आहे, आणि ज्या गोष्टीवर मी भाचीला अडवलं तिथे मी स्वतः सवलत घेणार नाही. १२ किंवा १६ जीबीचं मोड्युल आलं की माझा पुढचा लॅपटॉप तोच, थोडा जाड, थोडा जड, आणि माझी त्याला काही हरकत नाही. सध्याच्या माझ्या यंत्रात एसएसडीची दुसरी जागा रिकामी आहे. तिथे दोन टेराबाइटची, एका अंगाला चिपा असलेली, चौथ्या पिढीची ड्राइव्ह बसेल. पंखे साफ करायला कव्हर उघडायचंच आहे, तेव्हा पॅडही बदलून घेईन. वाय-फायचं कार्ड मात्र मागवण्याआधी तपासायला हवं: इंटेलची काही कार्डं फक्त इंटेलच्याच प्रोसेसरबरोबर चालतात आणि माझा एएमडीचा आहे, म्हणून त्यांतलं बीई२०१ नव्हे, सर्वसाधारण पीसीआयई जोडणीचंच कार्ड शोधते आहे.